गुंगी वेगळी, भूल वेगळी

गेल्या अंकात रूट कॅनलबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती भीतीबद्दल. टोपी कुठली बसवावी, किती वर्षं टिकते, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांचं पालुपद एकच, "दुखेल का?" आणि त्याच्या पाठोपाठ, "झोपवून करता येईल का?" मिरजेत ३१ वर्षं या खुर्चीशेजारी उभी आहे, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. दाढ ठणकली की आमच्याकडे माणूस आधी लवंग धरतो, मग लवंगेचं तेल, मग मेडिकलमधून दोन गोळ्या. बायका मशेरी लावतात. आणि गाल पुरीसारखा फुगला की रविवारी रात्री साडेनऊला मला फोन येतो.

बार्शीच्या ताईंच्या पत्राला जरा सविस्तर उत्तर देते, कारण त्यात आणखी सहा पत्रांचे प्रश्न येऊन जातात.

"मी ४७ वर्षांची. शाळेत असताना गावातल्या डॉक्टरांनी माझी दाढ काढली. इंजेक्शन दिलं होतं, पण ते चढलंच नव्हतं. मी ओरडले तर कंपाउंडरने खांदे दाबून धरले. 'एवढी मोठी घोडी झालीस, रडतेस काय' असं वर ऐकून घेतलं. तेव्हापासून दातांच्या दवाखान्याची पायरी चढले नाही. आता खाली दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या आहेत, वरचा पुढचा एक दात काळा पडलाय. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. पूर्ण झोपवून एकाच दिवसात सगळं उरकता येईल का?" (एक वाचक, बार्शी)

ताई, त्या दिवशी तुम्हाला खरंच दुखत होतं. हे आधी लिहिते, कारण इतक्या वर्षांत ते तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही.

इंजेक्शन न चढण्याची कारणं असतात. दाढेखाली पू झाला असेल तर तिथली आम्लता वाढते, आणि आम्लात आमचं लिग्नोकेन, म्हणजे भुलीचं औषध, नसेच्या आत नीट शिरत नाही. औषध दिलेलं असतं, पण ते नसेच्या दाराबाहेरच थांबतं. दुसरं म्हणजे खालच्या दाढांचं हाड जाड. तिथे हिरडीत टोचून भागत नाही, जबड्याच्या मागच्या बाजूला नस जिथे हाडात शिरते तिथे औषध सोडावं लागतं. नेम थोडा चुकला की ओठ बधीर होतो आणि दाढ मात्र जागी, म्हणजे दुखरीच राहते. तिसरं कारण आमच्या धंद्यातलं, घाई. या इंजेक्शनला पाच ते दहा मिनिटं द्यावी लागतात. बाहेर बाकावर अकरा माणसं बसलेली असली की ही दहा मिनिटं कुणाला परवडत नाहीत. नव्या दवाखान्याच्या पहिल्या वर्षात मीही ती खाल्लेली आहेत. खोटं कशाला सांगू?

आता शब्द नीट धरू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. भूल म्हणजे ती जागा बधीर करणं. गुंगी म्हणजे मेंदूवरची भीती उतरवणं. गुंगीने दाढ बधीर होत नाही. शिरेतून औषध देऊन एखाद्याला पेंगुळलेलं केलं तरी हिरडीत भुलीचं इंजेक्शन द्यावंच लागतं. म्हणून "मला गुंगी द्या" म्हणताना तुम्हाला खरं काय नको आहे, ते आधी ठरवा. दुखणं नको असेल तर भूल नीट चढवणारा डॉक्टर हवा. भीती नको असेल तर गुंगीचा विचार करू. तुमच्या बाबतीत दोन्ही असावं असं पत्रावरून वाटतं.

भीती मोजायची एक सोपी प्रश्नावली आहे. नॉर्मन कोरा या अमेरिकन माणसाने ती १९६९ मध्ये चार प्रश्नांची केली होती, पुढे इंजेक्शनचा पाचवा प्रश्न जोडला गेला. उद्या दातांच्या डॉक्टरांकडे जायचंय, कसं वाटतं? बाहेर बाकावर बसलाय, कसं वाटतं? मशीनने दात कोरणार आहेत. दात साफ करणार आहेत. वरच्या मागच्या दाढेच्या हिरडीत इंजेक्शन देणार आहेत. प्रत्येकाला एक ते पाच गुण, 'काहीच नाही'ला एक, 'जीव जातो'ला पाच. बेरीज १९ किंवा वर गेली तर भीती फार मोठी समजतात. स्वयंपाकघरात बसून बेरीज करा आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात द्या. तोंडाने सांगायला जीभ रेटत नाही, कागद सोपा पडतो.

मग गुंगीचे प्रकार. सगळ्यात हलका म्हणजे नाकाने घ्यायचा लाफिंग गॅस, त्याबद्दल पुढच्या उत्तरात. दुसरा म्हणजे गोळी. डायझेपाम, लोराझेपाम, अल्प्राझोलाम ही त्या घराण्यातली नावं. आदल्या रात्री एक आणि कामाच्या तासभर आधी एक, असं साधारण देतात. स्वस्त आहे, सुई नाही. पण गोळीचा एक दोष असा की ती गिळली की आपल्या हातात काही राहत नाही. कुणाला अर्धी पुरते, कुणाला दोन घेऊनही खुर्चीत घाम फुटतो. कमी पडली म्हणून वर आणखी देत बसलं तर सगळी एकदम चढते, ती बहुधा घरी गेल्यावर. डायझेपाम तर शरीरात दिवसभराहून जास्त रेंगाळतं. गोळी घेतलीत तर सोबत माणूस हवा, त्या दिवशी गाडी नाही, गॅसची शेगडी नाही, आणि लग्नाच्या हॉलच्या करारावर सहीसुद्धा नाही. ही औषधं चिठ्ठीवरच मिळतात, दुकानदाराला वहीत नोंद करावी लागते. शेजारणीच्या डबीतली उचलू नका.

तिसरा प्रकार शिरेतून, बहुतेक वेळा मिडाझोलाम. हे थेंबाथेंबाने वाढवता येतं, म्हणून गोळीपेक्षा नेमकं. माणूस झोपलेला नसतो. "तोंड उघडा" म्हटलं की उघडतो, हाताला स्पर्श केला की ऊं म्हणतो. गंमत अशी की नंतर त्याला फारसं आठवत नाही. एक निवृत्त मास्तर, अक्कलदाढ काढून, टाके घालून, कापूस धरून बसवल्यावर मला घड्याळ दाखवून म्हणाले, "बाई, सुरू कधी करणार? माझी एसटी आहे." शिरेतली गुंगी मी स्वतः देत नाही, भूलतज्ज्ञ बोलावते. माझे डोळे दाढेवर असतात. श्वासाकडे बघायला दुसरे डोळे पाहिजेत. तुम्ही कुठेही जाल तिथे हे प्रश्न बिनदिक्कत विचारा. औषध कोण देणार? तुम्ही दाढ काढत असताना माझ्याकडे कोण बघणार? ऑक्सिजनचं सिलिंडर भरलेलं आहे का? बोटाला लावायचा तो चिमटा, कोरोनात घरोघरी आला होता तो, काम चालू असताना सतत लावून ठेवणार का? फ्लुमाझेनिल, म्हणजे या गुंगीवरचा उतारा, कपाटात आहे का? एखादे डॉक्टर या प्रश्नांनी चिडले तर तेही एक उत्तरच झालं.

आणि शेवटी पूर्ण झोप, म्हणजे हॉस्पिटल, भूलतज्ज्ञ, रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, उपाशीपोटी दाखल होणं, नाकातून श्वासनळीत नळी. हे करता येतं का? येतं. तुमच्यासाठी करावं का? मी नाही म्हणेन, आणि ते केवळ धोक्यासाठी नाही. तंदुरुस्त माणसाला आजच्या पूर्ण भुलीचा धोका फार कमी आहे. पण तुम्हाला दाढा वाचवायच्या आहेत, पुढचा दात फोटोत दिसण्यासारखा करायचाय. टोपी किंवा सिमेंट बसवल्यावर मी तुम्हाला म्हणते, "चावा बघू, उंच लागतंय का?" झोपलेला माणूस चावून दाखवत नाही. पुढच्या दाताचा रंग तुम्ही आरशात बघून, शक्यतो लेकीला शेजारी उभं करून, ठरवायचा असतो. टोप्या बनून यायला वेळ लागतो, म्हणजे दुसऱ्यांदा यावं लागणारच. मग दर वेळी झोपवायचं? शिवाय झोपेतून उठल्यावर दात बरे झालेले असतात, पण तो कंपाउंडर अजून तुमच्या खांद्यावर हात ठेवून उभाच असतो.

म्हणून माझा बेत असा. श्रावण चालू आहे, मार्गशीर्षाला चार महिने आहेत, भरपूर झाले. पहिल्या दिवशी फक्त बोलायला जा, एक्स-रे काढून परत या. तोंडात आरशाशिवाय काही घालायचं नाही असं आधीच ठरवून घ्या. दुसऱ्या खेपेला दात साफ करून घ्या, त्यात सुई नसते. तिसऱ्या खेपेला सगळ्यात सोपी दाढ, हवं तर गॅस घेऊन. गॅस नसेल आणि तुमच्या बाकीच्या तब्येतीला चालत असेल तर गोळी. सुई टोचण्याआधी हिरडीवर बधिर करणारं जेल किंवा स्प्रे लावून दोन मिनिटं थांबायला सांगा. औषध हळू सोडायला सांगा, मिनिटाला साधारण एक मिली. सुईपेक्षा भसकन सोडलेल्या औषधाचा दाब जास्त झोंबतो. मग दाढेवर गार बोळा लावून बघायचा. कळलं तर आणखी थांबायचं किंवा दुसऱ्या जागी औषध द्यायचं. ओठ बधीर झाला एवढ्यावर समाधान मानू नका.

एक खूण ठरवा, डावा हात वर. हात वर गेला की मशीन थांबलंच पाहिजे, मध्येच "झालं झालं, एवढंच" नाही. पहिल्या पाच मिनिटांत विनाकारण दोनदा हात वर करून बघा. खरंच थांबतात का, ते कळेल. माझे बरेच पेशंट ही परीक्षा घेतात, मी नापास होत नाही.

आणि मी "दुखणार नाही" असं आता कुणाला म्हणत नाही. म्हणते, "ढकलल्यासारखं, दाबल्यासारखं वाटेल, कडकड ऐकू येईल, ते चालायचंच. टोचल्यासारखं, चमकल्यासारखं वाटलं तर हात." भूल दाबाची जाणीव काढत नाही, हे आधी माहीत नसलं की माणूस दाबालाच दुखणं समजून धसकतो. इंजेक्शननंतर मिनिटभर छाती धडधडली तर तेही त्यातल्या अ‍ॅड्रिनलिनमुळे, म्हणजे भूल टिकावी म्हणून मिसळलेल्या औषधामुळे, असू शकतं. "मला भूल सोसत नाही" असं ठसवून आलेल्या पुष्कळांची गोष्ट एवढीच असते. लिग्नोकेनची खरी अ‍ॅलर्जी विरळा.

श्रावणी सोमवार धरत असाल तर त्या दिवशी येऊ नका. नुसत्या हिरडीच्या भुलीला पोटात काहीतरी असलेलं बरं.

"आमच्या दातांच्या डॉक्टरांनी लाफिंग गॅस सुचवलाय. बायको म्हणते, खुर्चीत वेड्यासारखे हसत सुटाल. खरंच हसू येतं का? आणि हे नवीन काय निघालंय?" (एक वाचक, नाशिक)

नवीन कुठलं! लाफिंग गॅस म्हणजे नायट्रस ऑक्साइड, तो प्रिस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने १७७२ मध्ये बनवला. १८०० साली हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून लिहूनसुद्धा ठेवलं की याने वेदना जाते, शस्त्रक्रियेत उपयोग होईल. त्याची स्वतःची दाढ तेव्हा दुखत होती आणि गॅसने ठणका थांबला होता. वाचलं सगळ्यांनी, केलं कुणी काही नाही. पुढची ४४ वर्षं लोक तो जत्रेतल्या खेळासारखा हुंगून हसत राहिले.

मग १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्ड गावी कोल्टन नावाच्या माणसाने तिकीट लावून गॅसचा खेळ केला. गॅस घेतलेला एक तरुण धडपडला, पाय रक्तबंबाळ, आणि त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत होरेस वेल्स हा दातांचा डॉक्टर बसला होता. त्याने दुसऱ्याच दिवशी कोल्टनला बोलावून गॅस घेतला आणि जॉन रिग्ज या दुसऱ्या डॉक्टरकडून स्वतःची दाढ काढून घेतली. आधी स्वतःची! पुढे बॉस्टनमध्ये प्रयोग दाखवताना पेशंट ओरडला, लोकांनी हुर्यो उडवली आणि बिचाऱ्याचं आयुष्य विस्कटलं. आमच्या धंद्यातला मला सगळ्यात आवडणारा माणूस तो.

आता तुमचं. नाकावर छोटा मुखवटा बसवतात. आधी नुसता ऑक्सिजन, मग गॅस थोडा थोडा वाढवत नेतात, बहुतेकांना ३० ते ५० टक्क्यांत पुरतं. तीन ते पाच मिनिटांत बोटं मुंग्या आल्यासारखी, पाय जड, मशीनचा आवाज शेजारच्या खोलीत गेल्यासारखा. क्वचित कुणी फिदीफिदी हसतं. बरेचसे छताकडे बघत शांत पडून राहतात. तुम्ही जागे असता, बोलता. मळमळलं किंवा नको वाटलं तर गॅस कमी केला की मिनिटा-दोन मिनिटांत उतरतं, गोळीला ही सोय नाही. शेवटी पाच मिनिटं पुन्हा नुसता ऑक्सिजन. दातांच्या दवाखान्यातलं यंत्र असं बनवलेलं असतं की ऑक्सिजन ३० टक्क्यांखाली जाऊच शकत नाही. निळं सिलिंडर गॅसचं. हे बघून ठेवा, विचारायला एक विषय होतो.

नाक चोंदलेलं असेल तर त्या दिवशी जाऊ नका, कारण सगळा कारभार नाकाचा. फुफ्फुसाचा जुना आजार, कानाच्या मधल्या भागाचं किंवा डोळ्यात गॅस सोडून केलेलं ताजं ऑपरेशन, आणि बायकांच्या बाबतीत गरोदरपणाचे पहिले तीन महिने, यांत मी देत नाही. आणखी एक गोष्ट, जी मी आमच्या भागात मुद्दाम विचारते, बी-१२. हा गॅस शरीरातलं बी-१२ निकामी करतो. धडधाकट माणसाला अर्ध्या तासाने काही होत नाही. पण वर्षानुवर्षं शाकाहारी, दूध-दहीही बेताचं, पाय बधिर, तळव्यांची आग, अशा माणसात आधीच तुटवडा असतो. त्याच्या नसांना हे महागात पडू शकतं. आधी रक्त तपासा, इंजेक्शनं घ्या, मग गॅस. तुम्ही हे पत्र पोस्टकार्डावर तुपाच्या डागासह पाठवलंय, त्यामुळे दूध-तुपाची मला काळजी नाही. तरी विचारा.

"मुलगा पाच वर्षांचा. सात दाढा किडल्यात. खुर्चीत बसतच नाही, मागच्या डॉक्टरांचं बोट चावला. आता एकांनी हॉस्पिटलमध्ये पूर्ण भूल देऊन सगळं एकदम करू असं सांगितलंय. सासूबाई म्हणतात, दुधाचेच दात, पडणारच आहेत, पोराला कशाला झोपवता? मला रात्री झोप नाही." (एक आई, चिंचवड)

तुमच्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पुढचे दात सहा-सात वर्षांना पडतील. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. पाच वर्षं पू घेऊन पोराने जेवायचं कसं?

बार्शीच्या ताईंना मी पूर्ण झोप नको म्हटलं, तुम्हाला मात्र हो म्हणण्याकडे माझा कल आहे. सात दाढा, पाच वर्षं आणि चावणारं पोर. जागेपणी सात-आठ खेपा, प्रत्येक वेळी दोघांनी धरायचं, आणि मग बार्शीच्या पत्रासारखं पत्र हा मुलगा चाळीस वर्षांनी कुणाला तरी लिहील. त्यापेक्षा एकदा, नीट हॉस्पिटलमध्ये, लहान मुलांची सवय असलेल्या भूलतज्ज्ञाच्या हाताखाली. पण त्याआधी लहान मुलांच्या दंततज्ज्ञांना दोन गोष्टी विचारा. कीड वरवर असलेल्या दाढांना सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड लावून थांबवता येईल का? ब्रशने लावतात, सुई नाही, मशीन नाही, फक्त किडलेली जागा काळी पडते. आणि काही दाढांवर न कोरता, न टोचता स्टीलची टोपी बसवता येईल का? सातातल्या चार अशा सुटल्या तर उरलेल्या तिनांना गॅस पुरेलही. मुलाने नाकाने श्वास घ्यायला आणि मुखवटा ठेवू द्यायला हवा, एवढंच. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत आणि मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात मुलांचा वेगळा विभाग आहे. तुमच्या जवळच्या खाजगी दंत महाविद्यालयातही असतो. खर्च ऐकून धसका घेतला असेल तर तिथे विचारून या.

झोपवायचं ठरलं तर उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्याच पाळा. साधारण हलकं खाणं आणि गाईम्हशीचं दूध सहा तास आधी बंद, नितळ पाणी दोन तास आधीपर्यंत. इथे सासूबाईंना शेजारी बसवून समजावा. "लेकरू कोमेजलं" म्हणून आजीने पहाटे पदराआडून दिलेलं बिस्कीट भुलीत उलटून श्वासनळीत जाऊ शकतं. दिलंच असेल तर लपवू नका, ऑपरेशन दुपारवर नाहीतर उद्यावर जाईल, बाकी काही नाही. सर्दी-खोकला झाला तरी आधी फोन करा. गुंगीचं कुठलंही सिरप घरून पाजून आणू नका, रिक्षात मुलाचा श्वास बघायला कुणी नसतं.

आणि एक काम आजपासून. "जेवला नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील" हे वाक्य घरातून हद्दपार करा. आमच्या पोटावर पाय येतो हो.

"वडील ७४ वर्षांचे. बीपी आहे, रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे, झोपेसाठी रोज रात्री अल्प्राझोलाम घेतात. दोन दात काढायचे आहेत, पण घाबरतात. त्यांचीच एक गोळी सकाळी जास्तीची दिली तर चालेल का?" (एक वाचक, डोंबिवली)

नाही.

कारण सांगते. या वयात ही औषधं शरीरातून सावकाश जातात. रात्रीची गोळी सकाळीही थोडी अंगात असते, तिच्यावर दुसरी चढली की पाय लटपटतात, आणि दात काढायला गेलेले आजोबा खुब्याचं हाड मोडून परततात. ते जोरात घोरतात का, घोरता घोरता श्वास थांबतो का, हे तुम्ही लिहिलं नाही. तसं असेल तर गुंगीत घशाचे स्नायू सैल पडून श्वास अडण्याची भीती. त्यात आम्ही तोंडात पाणी मारत असतो. संध्याकाळी एखादा पेग घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यांच्यासमोर नको तर बाहेर येऊन.

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन दातांचं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं, हृदयातली किंवा मेंदूतली रक्ताची गाठ तशी थांबवता येत नाही. हृदयाच्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. वॉरफरिनसारखी गोळी असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासून, रिपोर्ट बरोबर घेऊन जा. बीपीची सकाळची गोळी नेहमीसारखी घ्यायची. नाश्ता करून, सकाळची पहिली वेळ मागून घ्या, एका खेपेला एकच दात. डॉक्टर अ‍ॅड्रिनलिनची मात्रा मोजून वापरतील. त्यांना सोसत नाही म्हणून साधी, लवकर उतरणारी भूल मागू नका. अर्धवट भुलीत दुखलं की शरीर स्वतःच त्याहून जास्त अ‍ॅड्रिनलिन सोडतं.

आणि तुम्ही आत जाऊन त्यांचा हात धरून बसा. या वयाच्या बाप्यांना सगळ्यात मोठी भीती मुलासमोर घाबरलेलं दिसण्याची असते, तेव्हा मोबाइलमध्ये बघत धरा.

"मी पैलवान आहे. मातीतली कुस्ती करतो, डोकं फुटलंय, कान मोडलेत. पण सुई बघितली की डोळ्यांपुढे अंधारी येते, दोनदा पडलो. तालमीत कुणाला सांगू शकत नाही. मला गुंगी लागेल का?" (एक वाचक, कोल्हापूर)

पैलवान, तालमीतले सगळे जण हे वाचणार नाहीत असं धरून चालते.

याला भित्रेपणा म्हणू नका. सुई किंवा रक्त बघितल्यावर काही जणांचं बीपी आधी थोडं चढतं आणि मग एकदम कोसळतं, नाडीही मंदावते. मेंदूला रक्त कमी पडलं की माणूस आडवा. शरीराचा हा स्वभाव पुष्कळदा घराण्यात चालतो, वडिलांना किंवा मामांना हळूच विचारून बघा. तुमच्यासारख्यांना गुंगीची गरज सहसा पडत नाही. आणि शिरेतून द्यायची म्हटलं तर तिलाही सुईच.

तुम्हाला जमेल असा उपाय आहे, पाठ्यपुस्तकातला. दंड, मांड्या आणि पोट एकदम आवळा, दहा-पंधरा सेकंद, चेहऱ्याला ऊब येईपर्यंत. मग सोडा, पण पूर्ण सैल नको. वीस-तीस सेकंद थांबा. असं पाच वेळा. याने बीपी पडत नाही. घरी आठवडाभर रोज करा, मग दवाखान्यात सुई येण्याच्या आधीपासून सुरू करा. जबडा आणि मान मात्र ढिली ठेवा, नाहीतर मला तोंडच उघडता यायचं नाही. खुर्ची आधीच पूर्ण आडवी करायला सांगा, बसून इंजेक्शन घेऊ नका. सुई बघायची नाही, डॉक्टरही ती तुमच्या नजरेखालून नेणार नाहीत, फक्त आधी सांगा. माझ्याकडे ८२ किलोचा एक जण न सांगता पडला होता, तो उचलायला खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून दोन माणसं बोलवावी लागली.

न्याहारी करून या. दूध-बदामाचा खुराक चालेल, फक्त नेहमीच्या अर्धा.

"वरची दाढ काढली की नजर जाते का?" (सही नाही, शिक्का जतचा)

नाही. डोळ्याची नस वेगळी, दाढेची वेगळी. दाढ काढायचं वय आणि चष्मा लागायचं वय साधारण एकच, चाळिशी, म्हणून आळ दाढेवर येतो. आधी चष्म्याचा नंबर तपासा, मग दाढ दाखवायला या.